पित्ताशयाचं ऑपरेशन

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, असं मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना, मकरपुरा जीआयडीसीतल्या माझ्या ऑफिसला, सोसायटीतल्या बायकांना आणि माझ्या सख्ख्या वडिलांना सांगितलं होतं. खरं काय ते नवऱ्याला आणि आईला तेवढं ठाऊक होतं. पित्ताशय माझं आजही आहे तिथेच आहे. त्या दिवशी बडोद्यातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझ्या पोटाला पाच छोटी भोकं पाडून, दुर्बिणीनं, जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढला. या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. वजन कमी करण्यासाठी ती करतात. माझं वजन तेव्हा ११२ किलो होतं आणि उंची पाच फूट दोन इंच.

आज हे लिहायला बसले, कारण माझ्या त्या खोट्याची झळ मला लागली नाही, माझ्या भाचीला लागली. तिच्याकडे येते. पण आधी खोटं का बोलले ते सांगायला हवं, आणि त्यासाठी आमच्या घराबद्दल सांगायला हवं.

आमच्या घराची ओळखच व्यायामाची. आजोबा लहानपणापासून जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. तिथले व्यायामगुरू राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि घरात ते नाव देवाच्या नावासारखं घेतलं जायचं. बाबाही तिथेच मल्लखांब शिकले. पंचाहत्तरी गाठली तरी आजही पहाटे पाचला उठून सूर्यनमस्कार घालतात आणि मग चालत कमाटीबागेत जातात. माझी ताई शाळेत लेझीम पथकात पुढे असायची. अशा घरात मी. तिसरीपर्यंत मला सगळे ‘गुटगुटीत’ म्हणायचे, त्यानंतर कुणी तो शब्द वापरला नाही.

अकरा वर्षांची असताना आत्याच्या केळवणाची पंगत बसली होती. आमच्या जुन्या घराच्या चौकात, समोरासमोर दोन ओळी. मी चौथी पुरी मागितली. आईच्या हातात परात होती, सगळ्यात वरची पुरी टम्म फुगलेली, तिच्या कडेवर तेलाचा एक थेंब. आई वाकली, आणि समोरच्या ओळीतून बाबा म्हणाले, “ही भूक नाही, हाव आहे.” आवाज चढवला नव्हता. रागानंही म्हणाले नव्हते, शिकवण द्यावी तसं म्हणाले. आईनं पुरी परत परातीत ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेली. मला भूक लागलेली होती. खरी, पोटात खड्डा पडावा तशी. पण त्या दिवसापासून मी माझ्या भुकेला हावच म्हणत आले. पुढची तीस वर्षं.

त्या तीस वर्षांत काय काय केलं त्याची यादी देत नाही. ज्या कुणी वजनाशी झगडा केला आहे त्यांना ती पाठच असेल. एकच सांगते. २०१४ साली सात महिन्यांत मी १८ किलो वजन उतरवलं होतं, पहाटे कमाटीबागेत बाबांच्या बरोबरीनं चालून आणि दोन वेळा मोजून जेवून. बाबा इतके खूश होते की भेटेल त्याला सांगायचे. पण त्या सात महिन्यांत माझी भूक कमी झाली नाही, वाढत गेली. रात्री दोनला जाग यायची ती पोटातल्या ओढीनं. ऑफिसात हिशेब तपासताना आकड्यांच्या मागे मला रोटला आणि लोणी दिसायचं. शेवटी माझी पकड सुटली आणि पुढच्या दीड वर्षात १८ चे २३ होऊन परत आले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला पंगतीतल्या वाक्यापेक्षा जड गेलं.

मग साखर आली. मग गुडघे. मग एका रात्री नवऱ्यानं मला हलवून उठवलं, कारण झोपेत माझा श्वास थांबला होता आणि तो घड्याळ बघत बसला होता. झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं, तासाला ३८ वेळा माझा श्वास अडतो किंवा उथळ होतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ८.४ टक्के आली होती. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४५. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका सर्जनचं नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी मी दोन महिने पर्समध्ये नुसती बाळगली.

सर्जननी कोऱ्या कागदावर जठर काढून दाखवलं. डाव्या बाजूला वर फुगवटा आणि खाली निमुळतं होत जाणारं. मग त्यावर पेनानं उभी रेघ मारली. रेघेच्या आतला केळ्यासारखा भाग राहणार, बाहेरचा फुगवटा जाणार. राहिलेल्या नळीत शंभर-दीडशे मिली मावेल. कापलेली कड स्टेपलरनं शिवतात. हे एकदा केलं की पूर्ववत करता येत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्या फुगवट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः इथे तयार होतं आणि ते भुकेचा निरोप मेंदूला देतं. जागा कमी होते हा या ऑपरेशनचा अर्धाच भाग, भुकेचा निरोपही क्षीण होतो हा दुसरा.

मी त्यांना २०१४ ची गोष्ट सांगितली. कशी भूक वाढत गेली, आणि मीच कशी कमी पडले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, उपाशी राहून वजन उतरवलं की शरीर घ्रेलिन वाढवतं. घरी येऊन मी वाचलं. घ्रेलिनचा शोध १९९९ मध्ये जपानमध्ये लागला. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहारानं वजन १७ टक्के घटवलेल्या लोकांचं दिवसभरातलं घ्रेलिन मोजलं, ते २४ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली मोबाइलवर ते वाचताना मी रडले. माझ्या रात्री दोनच्या जागेला नाव होतं आणि आकडा होता, आणि बारा वर्षं ते कुठेतरी छापलेलं असताना मी २०१४ साली स्वतःला शिव्या देत बसले होते. भूक किती लागावी, पोट भरलं असं कधी वाटावं, यात जनुकांचाही मोठा वाटा असतो, हेही तेव्हाच वाचलं. आमच्या घरात एका आईबापाच्या दोन मुली. ताईला दोन पोळ्यांत ढेकर येतो, मला कधी आला नाही.

इतकं सगळं कळूनही मी खोटं बोलले. ऑपरेशनच्या आधी समुपदेशकांकडे पाठवतात. त्यांनी विचारलं होतं, “घरी कुणाकुणाला सांगणार आहात?” मी म्हणाले, “सगळ्यांना पित्ताशय सांगणार.” त्यांनी समजावलं, निर्णय तुमचा आहे, पण हे ओझं पुढे वाढतं. मला तेव्हा ते पटलं नाही. मला ऐकू येत होते ते आमच्या कॉलनीतले आवाज: पैसे टाकून पोट कापून घेतलं, चालायला नको, तोंड आवरायला नको, सोपा रस्ता धरला. विम्याच्या नियमात बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर आणि सोबत ठरावीक गंभीर आजार असतील, तर हे ऑपरेशन उपचार म्हणून मान्य होतं. माझी फाइल दोन प्रश्नोत्तरांनंतर मंजूर झाली. विमा कंपनीला ते उपचार वाटत होते. बाबांना ती हार वाटेल याची मला खात्री होती.

लाभपाचमीपासून दोन आठवडे पातळ आहार सुरू झाला. जठराच्या वर यकृताचा डावा भाग असतो. चरबीनं फुगलेलं यकृत आक्रसावं, सर्जनला काम करायला जागा मिळावी, म्हणून हे दोन आठवडे. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून भरलेले होते. ऑफिसात विचारलं तर पित्ताचं सांगायचं. खोटं चपखल बसत होतं.

ऑपरेशनच्या दिवसातलं फार आठवत नाही. संमतीपत्रावर रक्तस्राव, शिवणीतून गळती, पायात गुठळी असे शब्द होते आणि सही करताना नवऱ्याचा हात माझ्या खांद्यावर होता. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे तसं होतं, असं नर्सबाईंनी सांगितलं. चार तासांत उभं करून चालवलं. ‘चालो बेन, चालो’ करत त्या मला कॉरिडॉरभर फिरवत होत्या आणि मी भिंतीचा कठडा धरून सलाइनच्या स्टँडबरोबर पावलं मोजत होते. तीन चेंडूंचं ते श्वासाचं उपकरण तासातासाला ओढायचं. दुसऱ्या दिवशी मला पहिलं पाणी मिळालं. औषधाच्या बाटलीवर असतं तसं प्लॅस्टिकचं इवलं माप, ३० मिलीचं. ते पंधरा मिनिटांत संपवायचं, एका वेळी नाही.

ते माप मी अजून ठेवलं आहे. त्याच्यावरच्या रेषा घासून पुसट झाल्यात. घरी आल्यावर आई रोज सकाळी मुगाचं वरण शिजवायची, पाण्यासारखं पातळ करायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळायची नाही, नुसतं टांगून ठेवायची, नळाच्या तोटीला, खाली भांडं. टप् टप् असा आवाज येत राहायचा. मग त्यात चिमूट हिंग, चिमूट मीठ, आणि त्या मापात ओतून माझ्या हातात. मी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून एकेक घोट घ्यायचे. आयुष्यभर आईनं मला वाढलं होतं ते हात आखडून, बाबांकडे एक नजर टाकून. आता ती मला ‘अजून घे’ म्हणायची आणि मला घेता येत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की भूक नाहीये. कमी वगैरे नाही, अजिबातच नाही. पिठाच्या गिरणीच्या वर राहणाऱ्याला गिरणी बंद पडली की जाग येते म्हणतात, तसं झालं. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, बाहेर भंगारवाला ओरडत होता, आणि माझ्या आत सगळं शांत होतं. इतर लोक असे जगतात? ताई अशी जगते? दोन जेवणांच्या मधल्या वेळात त्यांना काहीच ऐकू येत नाही? मी आईला म्हणाले, “आई, भूक गेली गं.” आई घाबरली. तिला वाटलं काहीतरी बिघडलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

सोपा रस्ता म्हणणाऱ्यांसाठी पुढचं थोडं सांगते. पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं, आणि शाकाहारी घरात, वाटीभर पोटात, ती पुरी करणं हे एक वेगळं कामच आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, हे जन्मभर. मार्चमध्ये केस गळायला लागले, विंचरताना झुबकेच्या झुबके. वजन भराभर उतरताना असं होतं आणि काही महिन्यांत केस परत येतात, हे माहीत असूनही मी आरशासमोर उभी राहायचे नाही. आणि रोज एक गोळी पित्तखडे होऊ नयेत म्हणून, सहा महिने. वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ती गोळी घेताना दर वेळी मला वाटायचं, आपण जे सांगितलंय ते खरं होऊन बसेल.

आणि हे सगळं लपूनछपून. प्रोटीन पावडर बोर्नव्हिटाच्या बरणीत. गोळ्यांची डबी तांदळाच्या डब्यात. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, ताईच्या गच्चीवर सगळे जमले होते. उंधियु, जिलेबी, पतंग कापला की गच्चीभर ‘काइपो छे’च्या आरोळ्या. ताईनं आग्रहानं ताट हातात दिलं. मी उंधियुतला रताळ्याचा मऊ तुकडा घेतला, तो गेला. मग कुणी बघतंय असं वाटून पुरीचा एक घास घेतला, आणि घाईत नीट चावला नाही. छातीच्या मध्यात तो अडकला. आत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं दुखायला लागलं. पाण्याच्या टाकीच्या मागे जाऊन मी ओणवी झाले. अन्न बाहेर येत नव्हतं, नुसता पांढरा फेस येत होता, तोंडातून तार लोंबत होती. माझ्या डोक्यावरून एक कापलेली पतंग खाली येत होती आणि तिच्यामागे पोरं धावत होती. बाबा मागून आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पित्त अजून पुरतं गेलेलं दिसत नाही.” मी मान डोलावली.

२०२३ ची नवरात्र आली तेव्हा मी ३३ किलोंनी हलकी झाले होते. साखरेच्या गोळ्या सुटल्या होत्या. झोपेतला श्वास सुरळीत झाला होता, नवरा रात्रभर झोपत होता. मी बावीस वर्षांनी चणिया-चोळी घालून गरबा खेळले. तीन ताळी, दोन तास, गुडघ्यांनी साथ दिली. ती नऊ दिवसांची सुखं मी कुणालाही देणार नाही. शेजारच्या बेन म्हणाल्या, “केटलां पातळां थई गयां तमे! शुं कर्युं?” मी म्हणाले, रोज चालते आणि रात्री जेवत नाही. बाबा व्यायामशाळेतल्या मित्रांना सांगत होते, “माझ्या धाकटीनं नुसत्या जिद्दीवर केलं.” मी शेजारीच उभी होते. बाबांच्या तोंडून माझ्यासाठी जिद्द हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तो घेतला. परत केला नाही.

तिथेच माझी भाची उभी होती. सई, ताईची मुलगी, एकोणीस वर्षांची, वजन ९४ किलो. आमच्या घराण्यात माझ्यावर गेलेली एकटी तीच. त्याच रात्री तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “मावशी, तू नक्की काय खातेस ते मला लिहून देशील?” आणि मी लिहून दिलं.

तो कागद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. ऑफिसच्या पॅडचा, निळ्या रेघांचा. सकाळी अर्धी वाटी मूग. दुपारी अर्धी पोळी, वाटीभर वरण, काकडी. चारला ताक. संध्याकाळी पनीरचे चार तुकडे. खाली मी लिहिलं होतं, रोज पाऊण तास चालणे. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. मी तेवढंच खात होते. शंभर-दीडशे मिलीच्या पोटात तेवढंच मावत होतं, आणि त्यापुढे भूक नव्हती. सईचं जठर पूर्ण होतं. तिची भूक पूर्ण होती. ते सोडून बाकी सगळं मी तिला लिहून दिलं.

तिनं ते साडेतीन महिने पाळलं. जानेवारीत कॉलेजच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली, कपाळाला चार टाके पडले. दवाखान्यात कळलं, हिमोग्लोबिन ७.८ आणि पाळी तीन महिने आलेली नाही. मी पोचले तेव्हा ती कुशीवर झोपली होती. ताई डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली होती. सई माझ्याकडे न बघता म्हणाली, “मावशी, मला जमलं नाही. मधे मधे मी रात्री चोरून खाल्लं. तुझ्यासारखी जिद्द नाही माझ्यात.” तिच्या उशाशी वही होती. तिनं ती उघडून दाखवली. माझा कागद पहिल्या पानावर चिकटवलेला, आणि पुढे रोजचं एक पान. पाळलं त्या दिवशी हिरवी खूण. चोरून खाल्लं त्या दिवशी लाल पेनानं एकच शब्द: हाव.

हा शब्द तिला कुणी दिला मला माहीत नाही. घरातच फिरत असणार, भिंतीतल्या ओलीसारखा. मी खोलीचं दार लोटलं, कुर्ता वर केला आणि तिला पोटावरचे पाच व्रण दाखवले. नाभीच्या वरचा थोडा मोठा, बाकीचे बोटाच्या पेराएवढे, आता तपकिरी झालेले. म्हटलं, “पित्ताशय नव्हतं, सई. जठर कापलंय. मला भूकच लागत नाही, म्हणून मी तेवढं खाते. माझ्यात जिद्द असती तर दहा वर्षांपूर्वीच जमलं असतं. तू साडेतीन महिने जे केलंस ते मला सात महिन्यांत तोडून गेलं होतं.”

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. तिनं वही मिटली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “तू जा.” दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. ताई तर महिनाभर. “मला नाही सांगितलंस? सख्ख्या बहिणीला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

मी इथे एक स्पष्ट म्हणते. ऑपरेशन कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शरीर आपलं आहे. पण कुणी आपल्याकडे बघून, आपल्यासारखं व्हायचं म्हणून, ‘काय केलंस’ असं विचारलं, तर त्या माणसाला अर्धं सांगू नये. त्यापेक्षा काहीच सांगू नये. २०२५ मध्ये आपल्याकडे मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं आली. भूक कमी करणारीच आहेत तीही. आमच्या ऑफिसात दोघं-तिघं घेतात आणि डबा खाताना सगळ्यांना सांगतात की साखर सोडली, म्हणून उतरलं. समोर बसलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी ते ऐकते आणि त्या दिवशीची साखर सोडते. मला तिथे बसवत नाही.

बाबांना सांगायचं मी त्या जानेवारीतच ठरवलं. रविवारी सकाळी गेले. ते चौकात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. आई आत, दाराआड. मी सगळं सांगितलं, घ्रेलिनसुद्धा, तो कागदावरचा जठराचा फुगवटासुद्धा, सईची वहीसुद्धा. बाबांनी मधे एकदाही थांबवलं नाही. बोलणं संपल्यावर पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मी वाट बघत होते ती ‘खोटं का बोललीस’ या वाक्याची. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “म्हणजे लहानपणी तुला लागायची ती भूकच होती?”

मी ‘हो’ म्हणाले.

ते उठून आत गेले. त्या दिवशी त्या विषयावर आणखी काही बोलणं झालं नाही. पण व्यायामशाळेतल्या मित्रांना त्यांनी स्वतःहून सांगितलं, असं मला नंतर त्यांच्याच एका मित्राकडून कळलं. काय शब्दांत सांगितलं ते मी विचारलं नाही.

आता तीन वर्षं होऊन गेली. वजन खाली ७४ पर्यंत गेलं होतं, आज ७९ आहे. थोडं परत येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भूकही थोडी परत आली आहे, पण आता ती हळू बोलते. रात्री उशिरा जेवले तर आंबट घशाशी येतं, त्याची गोळी चालू आहे. वर्षातून एकदा रक्त तपासते. गोळ्यांची डबी जेवणाच्या टेबलावर असते.

सईला पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा संप्रेरकांचा विकार, निघाला, त्याचे उपचार चालू आहेत. आहारतज्ज्ञ तिला दिवसाला चार वेळा पोटभर खायला लावतात. वजन ८९ आहे. पुढे इंजेक्शन, ऑपरेशन, की काहीच नाही, ते ती आणि तिचे डॉक्टर ठरवतील. माझ्याशी बोलते आता, पूर्वीसारखं नाही, पण बोलते.

गेल्या रविवारी दांडिया बाजारात सगळे जेवायला होतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी पोळ्या करत होते. बाबा आणि सई शेजारी शेजारी बसलेले. सईच्या दोन पोळ्या झाल्या. तिनं ताटाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग माझ्याकडे.

“मावशी, अजून एक घेऊ?”

मी काही बोलायच्या आत बाबांनी विचारलं, “भूक आहे का?”

“आहे.”

बाबांनी तूपाची वाटी तिच्याकडे सरकवली. मी तव्यावरची पोळी उतरवून तिच्या ताटात वाढली.